कोरडे साहेब आणि साडेतीन किलोचं यंत्र

जुन्या जालन्यात मी तीस वर्षं वकिली केली आणि त्यातली निम्मी बांधाच्या भांडणांवर. आपलं घर बांधावरच उभं आहे असं बायको म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. दोन शेतांमधल्या हातभर मातीसाठी माणूस माणसाच्या नरड्याला किती लवकर हात घालतो, हे मला पुरतं ठाऊक आहे. कुऱ्हाड, विळा, पहार, वखराची पास, एकदा तर भाकरीचा तवा, इतकी हत्यारं मी कोर्टात टेबलावर मांडलेली पाहिली. त्यापायी माझा स्वभाव बिघडला. मी चटकन चिडतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याच्यावर मी जन्मभर चिडत आलो.

जगन्नाथ आष्टीकर हा माझा शाळेपासूनचा दोस्त. शेतं मोजणं हा त्याचा धंदा. एक्याऐंशी साली तो सरकारी मोजणीच्या नोकरीत लागला. साखळी, झेंड्या आणि लाकडी फळा घेऊन गावोगाव हिंडायचा. अंगाने काडी, आवाज मऊ. अशा माणसाला दोन भांडणाऱ्या शेतकऱ्यांच्या मधे उभं करणं म्हणजे कोकराला दोन बैलांच्या मधे बांधण्यासारखंच.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात परतूरकडच्या एका गावी तो कचरू आणि तातेराव या शेजाऱ्यांचा बांध मोजायला गेला. दिवसभर साखळी ओढली, आकडे वहीत घेतले आणि रिवाजाप्रमाणे सांगितलं, की नकाशा तयार व्हायला महिना लागेल, मग नक्कल मिळेल. निघताना कचरूच्या दारात त्याने चहा घेतला. कचरू काहीतरी गमतीचं बोलला, जगन्नाथ हसला. तातेरावने ते कुडाच्या आडून पाहिलं. साहेब त्याच्या घरी चहा पितो, त्याच्याशी हसतो, म्हणजे रेघ त्याचीच निघाली, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पाचव्या दिवशी सकाळी त्याने कचरूला बांधावर गाठलं आणि विळ्याने त्याचा गळा चिरला. कचरू लगेच मेला नाही. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या खुंटांतून रांगत रांगत तो विहिरीपर्यंत गेला, आणि जिथून जिथून गेला तिथली माती दोन दिवस काळी राहिली.

महिन्याने नकाशा तयार झाला. बांध होता तिथेच बरोबर होता. कुणाचं बोटभर रान इकडचं तिकडे जात नव्हतं. ती नक्कल जगन्नाथ स्वतः घेऊन कचरूच्या बायकोकडे गेला. मी म्हणालो होतो, जाऊ नकोस. गेला. कांताबाईने कागद हातात घेतला, काय निघालं ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. तो हलला नाही. तिने पुन्हा मारली. दमेपर्यंत मारत राहिली आणि हा खांबासारखा उभा.

त्या दिवसापासून जगन्नाथने मोजणीच्या गावात पाणीसुद्धा प्यायचं सोडलं. घरून डबा न्यायचा, पाण्याचा कॅन न्यायचा, आणि नेमक्या वादाच्या बांधावर बसून जेवायचा, म्हणजे कुणाच्याच रानात बसला असं होऊ नये. कुणाच्या झाडाची सावली घ्यायचा नाही. कुणाशी हसायचा नाही. लोकांनी त्याचं नाव कोरडे साहेब पाडलं. पण एवढ्याने खून थांबत नाहीत हे त्यालाही कळत होतं.

"मोजणी आन् नकाशा यांच्या मधात जो महिना आहे ना शरद," तो मला म्हणायचा, "त्या महिन्यातच कुऱ्हाडी निघतात. रेघ तिथल्या तिथं दिसली पाहिजे. दोघांना एकाच वक्ताला."

"आणि ती कशी दाखवशील? जादूनं?"

"निघंल काहीतरी," तो म्हणायचा.

एकोणनव्वद साली भोकरदनच्या बाजूला चार जणांनी त्याला बाभळीला बांधलं. नकाशा दाखव म्हणाले. नकाशा अजून व्हायचाय म्हणाला. मग त्याच्याच साखळीने त्याला मारलं. लोखंडी कड्यांची साखळी ती. दोन दात गेले, एक बरगडी मोडली. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसून त्या चौघांवर कोणकोणती कलमं लावायची ते मोजत होतो. डोळे मिटून पडलेला हा माणूस म्हणतो, "त्यांचं काय चुकलं? नकाशा मागत होते." मला इतका राग आला, की त्याच्या उरलेल्या बरगड्याही मीच मोडल्या असत्या.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणाऱ्याने संगणक आणला. जगन्नाथ भाचीची पत्रिका द्यायला गेला आणि तीन तास घरी आलाच नाही. पडद्यावर वेलबुट्टीची रेघ उचलून इकडून तिकडे नेता येते, हे पाहून त्याला वेड लागायचं बाकी राहिलं. पुढे कुठल्याशा मासिकात त्याने मांडीवर ठेवायच्या संगणकाचं चित्र पाहिलं. ते कापून त्याने डायरीत ठेवलं, देवाचा फोटो ठेवतात तसं. नोकरी सोडली, खाजगी मोजण्या घ्यायला लागला, आणि दोन हजार दोन साली औरंगाबादेहून एक जुना लॅपटॉप घेऊन आला.

ते यंत्र साडेतीन किलोचं होतं. वाण्याच्या काट्यावर मी स्वतः तोललं. जुना नकाशा घरी बसून त्यात भरून घ्यायचा, शेतात गेल्यावर मोजणीचे आकडे घालायचे, की जुन्या नकाशावर नवी रेघ लाल उमटायची. इथवर सगळं छान. पण बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकायची. आणि उन्हात पडद्यावर काही म्हणता काही दिसायचं नाही. मग हा बांधावर उकिडवा बसून अरुंधतीवहिनींचा जुना काळा परकर डोक्यावरून घ्यायचा आणि आत तोंड खुपसायचा. कोरडे साहेब परकरात शिरले म्हणून गावं पोट धरून हसायची. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, दोन लेकरं वाढवली, पण इतक्या जपून ह्यांनी एकालाही उचललं न्हाई."

मी त्याला शिव्या घातल्या. खेळणं घेऊन आलास म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "हे न्हाई रे. हे तर नुसतं कच्चं आहे. पुढचं येईल ते बघ."

पुढचं कसं असेल हे त्याला तोंडपाठ होतं. मासिकांत छापलेल्या कंपन्यांच्या पत्त्यांवर तो पत्रं धाडायचा, आणि त्यातलं इंग्रजी मी दुरुस्त करायचो, म्हणून मलाही तोंडपाठ झालं. वजन शाळेच्या पाटीएवढं. पाटीसारखंच चपटं. कळा नकोत, बोटाने रेघ धरायची आणि ओढायची. भर दुपारच्या उन्हात दिसावं. धूळ आत जाऊ नये. बॅटरी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालावी. पण यादीत पहिलं वजन, कायम.

"वजनाचं एवढं काय घेऊन बसलास?" मी एकदा खेकसलो.

त्याने भिंतीवरची नातवाची पाटी काढली, माझ्या हातात तिची एक कड दिली आणि दुसरी स्वतः धरली. "हे असं. दोघांनी मधात धरायची. दोघांचा एकेक हात पाटीला अडकला, की कुऱ्हाडीला एकच उरतो. हे साडेतीन किलो कोण धरंल असं?"

सव्वीस पत्रं धाडली त्याने. एका कंपनीने उत्तर म्हणून छपाईयंत्राची जाहिरात पाठवली.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात केदारखेड्याच्या पलीकडच्या एका गावातून त्याला बोलावणं आलं. भुजंग आणि रामकिसन, चुलतभाऊ. आधीच्या वर्षी भुजंगचं डोकं फुटलं होतं, त्याच्या मागच्या वर्षी रामकिसनच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाड पडली होती आणि तो बैल उभ्या उभ्या आडवा झाला होता. रामकिसन दर वर्षी नांगरताना बांध कोरतो, असं भुजंगचं म्हणणं. भुजंग खोटारडा आहे, असं रामकिसनचं. गावाने सांगितलं, कोरडे साहेबांना आणा, तो माणूस कुणाचं पाणी पीत नाही. दोघांनी मान्य केलं. एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसाची हकीकत काही जगन्नाथने मला सांगितली, काही मी खटल्याच्या कागदांत वाचली.

सकाळपासून मोजणी चालली. दोन्ही घरची माणसं आपापल्या बाजूला काठ्या टेकून उभी. जगन्नाथने दोघांना बांधावर बोलावून सांगितलं, "आज महिना थांबायचं न्हाई. दुपारपर्यंत रेघ तुम्हाला इथंच, डोळ्यानं दाखवतो. तोवर कुणी हात उचलायचा न्हाई."

भुजंग म्हणाला, "बराबर. डोळ्यानं दिसली की म्या मानलं. माझ्याइरुद्ध निघाली तरी मानलं."

हे तो मनापासून बोलला होता असं जगन्नाथ आजही सांगतो.

बाराच्या सुमाराला आकडे घालताना, शेवटचे पाचसहा उरले असताना, बॅटरी गेली. पडदा काळा. भुजंग तेव्हा भाकर खायला आपल्या गुरांच्या कोठ्याकडे गेला होता. बांधापासून तीस पावलांवर रामकिसनची विहीर, विहिरीवर पत्र्याची खोली, खोलीत मोटारीचा स्टार्टर आणि त्याच्याशेजारी बल्बासाठी बसवलेला बोर्ड. मोटार चालू होती, म्हणजे वीज होती. जगन्नाथने यंत्र उचललं, खोलीत नेलं आणि वायर त्या बोर्डात खुपसली.

वीस वर्षांत ज्याने कुणाच्या विहिरीचं ओंजळभर पाणी घेतलं नाही, त्याने तिथला करंट घेतला. मी त्याला नंतर किती वेळा विचारलं, की अरे, तुझ्या डोक्यात आलं कसं नाही? तो म्हणतो, "पाणी त्याचं असतं शरद. करंट तर सरकारचा." शहरात वाढलेला माणूस. चहा म्हणजे घेणं, पाणी म्हणजे घेणं, सावली म्हणजे घेणं, इतकं सगळं त्याने शिकून घेतलं, पण वीज त्याच्या हिशेबात आलीच नाही. ती तारेतून येते, शेतातून नाही, एवढंच त्याला माहीत.

यंत्र जागं झालं. उरलेले आकडे घातले. लाल रेघ उमटली. ती रामकिसनच्या रानात होती, चांगली सात फूट आत. म्हणजे भुजंग तीन वर्षं खरंच बोलत होता. रामकिसन जगन्नाथच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. रेघ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "चुकलं आसंल यंत्र," एवढंच तो पुटपुटला.

जगन्नाथने खोलीच्या दारातून भुजंगला हात केला. "भुजंगराव, या! जल्दी या, बघा!" पण मोटारीच्या घरघरीत ते तिकडे काही ऐकू गेलं नाही. भुजंगला दिसलं ते एवढंच: कोरडे साहेब रामकिसनच्या खोलीत, रामकिसन त्यांच्या अंगाला अंग लावून, आणि रामकिसनच्या स्टार्टरमधून निघालेली वायर यंत्राच्या पोटात गेलेली.

"त्याचा करंट प्याला!" तो ओरडला. "त्याचा करंट पिऊन रेघ काढून राह्यला!"

कोठ्याच्या दाराशी कुऱ्हाड होती. ती उचलून तो बांध ओलांडून पळत आला. जगन्नाथने पडदा त्याच्याकडे वळवला आणि यंत्र दोन्ही हातांनी पुढे धरलं. बघा, बघा, असं म्हणत होता तो. तुमचीच, हे म्हणायला त्याला सवड मिळाली नाही. कुऱ्हाड खाली आली. यंत्राचं झाकण फाडून ती आत रुतली, आणि झाकणामागून यंत्र धरलेल्या जगन्नाथच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेली. यंत्र त्याच्या छातीवर आदळलं आणि तो भिंतीपाशी कोसळला.

भुजंगने पाय देऊन कुऱ्हाड यंत्रातून उपसली. रामकिसन त्याचा हात धरायला पुढे झाला. धरायलाच झाला, मारायला नाही, हे जगन्नाथने कोर्टात शपथेवर सांगितलं. दुसरा घाव रामकिसनच्या मानेत बसला. तिसरा खांद्यात. रक्ताची चिळकांडी पत्र्यावर उडाली आणि मोटार तशीच चालू होती, पाटात पाणी तसंच पडत होतं. नंदाबाई, रामकिसनची बायको, धावत आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. मग रामकिसनकडची माणसं भुजंगवर तुटून पडली. पाइपाने त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, डोक्याची कातडी सोलवटून काढली. संध्याकाळ व्हायच्या आत भुजंगची कडब्याची गंज पेटवली, घरावर दगड पडले, आणि त्याची बायको तुळजाबाई कपाळ फुटलेलं घेऊन पोलिसांच्या गाडीत बसून माहेरी गेली. एका दुपारीत दोन घरं संपली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा जगन्नाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं ते पाटीएवढं यंत्र असतं ना, तर कुऱ्हाड आरपार गेली असती. साडेतीन किलोनं वाचवलं तुला, गाढवा."

"रेघ उमटली होती, शरद," तो म्हणाला. "त्याचीच होती."

मला ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसलो.

महिन्याभराने पट्टी बांधलेल्या हाताने तो माझ्याकडे आला. सत्ताविसावं पत्र लिहून आणलं होतं. यादी तीच होती, पण क्रम बदलला होता. वजन खाली गेलं होतं. पहिली ओळ होती, की यंत्राला दिवसभर कुणाकडून काही मागावं लागू नये. जमलं तर त्याने उन्हावरच पोट भरावं, कारण ऊन दोघांच्याही रानात सारखं पडतं. मी स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या. तसं यंत्र मी अजून जालन्यात पाहिलेलं नाही. तो म्हणतो, येणार. आणि चार वर्षांपासून मीही, वर्तमानपत्रात नवा लॅपटॉप आल्याची बातमी दिसली, की आधी बॅटरी किती चालते ते बघतो.

खटला दोन हजार चार साली जालन्यात चालला. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे वकीलपत्र घेऊन आले, मी दोघांनाही हाकलून दिलं. रेघ कुठे निघाली होती हे कोर्टात कुणी विचारलं नाही. मारणारा कोण, मेला कोण, हत्यार कोणतं, एवढ्याशी कोर्टाला काम. फोडलेलं यंत्र चिठ्ठी चिकटवून टेबलावर ठेवलं होतं, कुऱ्हाडीच्या शेजारी.

जन्मठेप झाली. निकालानंतर भुजंगला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं, गाडी यायची होती. हात वाकडा जुळला होता, केस पांढरे झाले होते. जगन्नाथ त्याच्याकडे निघाला. मी त्याचा दंड धरला. "काय सांगणार आहेस? त्याला सुखानं आत जाऊ दे. नको सांगूस."

"मोजणी त्यानं मागितली होती," जगन्नाथ म्हणाला. "द्यायची राह्यली."

पिशवीतून त्याने नातवाची पाटी काढली. वहीतल्या आकड्यांवरून घरी बसून तिच्यावर शेत काढलं होतं त्याने. विहीर, बांध, आणि लाल खडूने रेघ. भुजंगच्या शेजारी बाकावर बसून त्याने पाटीची एक कड त्याच्या हातात दिली, दुसरी तीन बोटांच्या हातात स्वतः धरली.

भुजंगने पाटी डोळ्यांजवळ नेली. त्याचे ओठ हलत होते. "ही रेघ माझ्या बाजूनं निघाली हाय, सायेब."

"हो. सात फूट."

"म्हंजे म्या खरं बोलत होतो."

"हो."

वाकड्या हाताचं बोट त्याने खडूच्या रेघेशेजारून टोकापर्यंत नेलं. मग त्याने अगदी हळू विचारलं, "म्या कुऱ्हाड घातली, तवा ही त्या यंत्रात होती?"

"होती," जगन्नाथ म्हणाला. "तीच दाखवत होतो तुम्हाला."

गाडी आली. हवालदाराने दोनदा उठ म्हटलं, पण भुजंगने पाटीची कड सोडली नाही. शेवटी जगन्नाथनेच आपली सोडली.